दिंडीरवनातला रुसवा

पंढरीस जाऊन आलेल्या प्रत्येकाने पाहिले आहे, की विठुरायाच्या शेजारी रखुमाई उभी नाही. तिचे देऊळ निराळे, मागल्या अंगास. कथा आपणां सर्वांस ठाऊकच आहे. राधेला देवाच्या मांडीवर बसलेली पाहून माता रुसली, द्वारका सोडून दिंडीरवनात येऊन बसली. देव तिच्या शोधात निघाला, तो पुंडलिकाच्या दारी विटेवर उभा राहिला. चाळीस वर्षे आम्ही ही कथा कीर्तनात सांगतो आहोत. श्रोते हसतात, टाळकरी हसतात, आम्ही पुढे जातो. पण हल्ली एका जागी पाय अडतो. देव शोधायला निघाला! 'माझे काय चुकले? येईल आपोआप' म्हणून द्वारकेत बसून राहिला नाही.

हे आमच्या ध्यानी उशिरा आले. पंचवीसएक वर्षांमागे एका सप्ताहात काल्याचे कीर्तन आटोपले, तेव्हा एक तरुण मुलगी आईला घेऊन पाया पडायला आली. नवरा महिनोन् महिने तिच्याशी बोलत नसे. मारहाण नाही, व्यसन नाही, फक्त अबोला. आम्ही काय सांगावे? 'बाई, सोस. संसार म्हणजे सोसणेच.' नारळ दिला नि वाटेला लावली. पुढे दोन वर्षांत ते घर मोडले. तिची आई आळंदीस भेटली आणि म्हणाली, "महाराज, तिला सोसायला तुम्ही सांगितलेत. त्याला बोलायला कुणी सांगितले?" आम्हांला उत्तर सुचले नाही.

म्हणूनच गेल्या वर्षी आमच्या पुतण्याचा मुलगा नि त्याची बायको पुण्यात विवाह समुपदेशकाकडे जाऊ लागली, तेव्हा आधी आम्ही नाक मुरडले तरी गप्प राहिलो. घरचे धुणे परक्याच्या दारी कशाला, असे मनात होतेच. मग एकदा विचारले, तिथे करतात तरी काय? पोराने सांगितले, "आजोबा, एकाने बोलायचे. दुसऱ्याने उलट उत्तर द्यायचे नाही. जे ऐकले तेच आपल्या शब्दांत सांगायचे, आणि पहिला 'होय, हेच म्हणतोय' म्हणेल तेव्हाच आपली पाळी." ऐकायला पोरखेळ वाटतो खरा. पण तिसऱ्या बैठकीत उघडे झाले, की 'आईवडिलांना पैसे पाठवू नका' असे सूनबाई कधी म्हणतच नव्हत्या. 'मला सांगून पाठवा' एवढेच त्यांचे म्हणणे. दोन वर्षांचे भांडण एका 'सांगून' या शब्दाशी अडले होते!

'समुपदेशन' शब्द आम्हांला आवडला. दिश् म्हणजे दाखविणे, उप म्हणजे जवळ. जवळ बसून दाखविणे. निवाडा देणे नव्हे. समुपदेशक कुणाचा पक्ष घेत नाही. आम्ही मात्र पाच मिनिटांत निवाडा देऊन मोकळे झालो होतो.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांची भांडणे वर्षानुवर्षे निरखली. संसार पोखरणाऱ्या चार सवयी त्यांनी दाखविल्या: स्वभावावरच ठपका ठेवणे, तुच्छ लेखणे, प्रत्येक बोलण्यावर स्वतःची सफाई देणे, आणि भिंतीसारखे गप्प होणे. तुच्छता सर्वांत विषारी. चौथी सवय वाचली नि ती मुलगी डोळ्यांपुढे आली.

आपल्याकडेही 1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्याने न्यायाधीशास आधी समेटाचा प्रयत्न करावयास सांगितले आहे, आणि त्यासाठी समुपदेशकांची सोय ठेवली आहे. पण कोर्टाची पायरी चढेपर्यंत मने विटलेली असतात. त्याआधी जावे. मात्र जिथे मारझोड आहे, तिथे दोघांना समोरासमोर बसविण्याची घाई नको. धाकाखालचे माणूस खरे बोलत नाही. तिथे आधी बाईचे रक्षण. त्यासाठी 2005 चा कायदा आहे. आणि काही संसार इतके करूनही जुळत नाहीत, हेही सांगून ठेवतो.

असो. परवा एका गावी कीर्तनानंतर अशीच एक सून आईबरोबर आली. तेच गाऱ्हाणे, तोच अबोला. आम्ही विचारले, "मुली, जावईबापू कुठे आहेत? तालुक्याच्या गावी समुपदेशन करणाऱ्या एक बाई आहेत, दोघे मिळून जा." ती म्हणाली, "ते कुठले येतात, महाराज? ते बघा, पारावर बसलेत."

आम्ही वीणा विणेकऱ्याच्या हाती दिली, जोडे घातले आणि पाराकडे निघालो.