बिदागी

कीर्तन केले त्या गावचे अन्नही घेऊ नये, हा तुकोबांचा दंडक आपण अजून मनातून काढलेला नाही. मात्र कीर्तनकाराच्या बिदागीचे पाकीटही आपणच तयार ठेवतो. सत्कार्यासाठी लिहिणाऱ्याच्या बाबतीत आपले मन असेच दुटप्पी आहे.

नांदेड-लातूरकडे सेवाभावी संस्थांचे अहवाल, प्रस्ताव आणि देणगीदारांना पाठवायची पत्रे लिहून देण्यावर पोट भरू पाहणारी काही लिहिती माणसे आहेत. २०१३ च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्याला द्यायला लावले; असा पैसा आला, की मागोमाग अहवालही आला. तरी संस्थेतले लोक सहज म्हणतात, "चांगले काम आहे, लिहून द्या की!" विहीर खणणाऱ्याला असे कोणी म्हणत नाही. त्यातच परदेशी देणगीतून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा २०२० साली ५० टक्क्यांवरून २० वर आली. कात्री लागते ती बहुधा लेखणीला.

मोबदला घ्यावा, असेच माझे मत आहे. फुकट लिहिणारा भक्त होऊन बसतो. "अजून थोडे करुण करा" असे कोणी म्हटले, तर त्याच्याने मोडवत नाही. पैसे घेणाराच अधिक मिंधा होतो, असे कोणी म्हणेल. एकच गिऱ्हाईक असेल तर होतोही. पण शिंप्याकडे दहा गिऱ्हाइके असली, म्हणजे अकराव्याला "हा कापड टिकायचा नाही" असे तो सांगू शकतो. मोबदला मात्र आधी ठरलेला असावा. जमलेल्या देणगीवर टक्का घेतला, की प्रत्येक अश्रूचे वजन होऊ लागते.

अश्रूंचे वजन म्हणजे काय, हे समजायला आमच्याकडे किल्लारी आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेले, माणसे गाढ झोपेत. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती अंगावर आल्या आणि सुमारे आठ हजार जीव गेले. देशोदेशींची मदत आली. मदत मागायची तर दुःख सांगावे लागते, आणि ते सांगणारा लिहिताना साहजिकच रडणारी बाई निवडतो. पण पुढे याच भागात 'संवाद सहायक' म्हणून गावोगावच्या बायका उभ्या राहिल्या. घर मजबूत कसे करायचे, सरकारी योजनेतून काय मिळते, हे त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना समजावून सांगत होत्या. मदतीच्या आवाहनात या बाईला कुठे बसवायचे? तिला पाहून देणगीदाराचा हात खिशाकडे जाईलच, असे नाही. आणि तिला वगळले, तर लिहिलेले प्रत्येक वाक्य खरे असूनही सगळे मिळून खोटे ठरते.

तेव्हा जिच्याविषयी लिहिले, तिला ते घरी जाऊन वाचून दाखवावे, आणि तिने "हे काढा" म्हटले की काढावे. असे क्वचितच होते. प्रस्तावाची मुदत संपत आलेली असते. तेवढी एक खेप लिहिणाऱ्याने आपल्या मोबदल्यातच धरावी. पण जिच्या कहाणीवर संस्थेला देणगी मिळाली आणि लिहिणाऱ्याला पैसे, तिची बिदागी कोणाच्या खात्यातून द्यायची, हा हिशोब मला अजून जमलेला नाही.