नाव कमी करणे, नाव वाढवणे

मांडव सुटला, पाहुणे पांगले, जोडपं चंडिकामातेच्या डोंगरावर जाऊन पाया पडून आलं. वसई तालुक्यातल्या जूचंद्रमध्ये लग्न इथे पुरं होतं. सरकारदरबारी ते अजून सुरूही झालेलं नसतं. तिथे नवरी अजून वडिलांच्या शिधापत्रिकेवरची चौथी-पाचवी ओळ असते. ती ओळ खोडून घ्यायची, खोडल्याचा दाखला घ्यायचा, तो सासरच्या कार्डाला जोडून तिथे नवी ओळ लिहून घ्यायची. पुरवठा शाखेच्या भाषेत याला 'नाव कमी करणे' आणि 'नाव वाढवणे' म्हणतात. एवढ्या मोठ्या घटनेला इतके कोरडे शब्द कुणी शोधले कोण जाणे, पण शब्द अचूक आहेत. लग्नात एका घरातलं माणूस कमी होतं आणि दुसऱ्या घरात वाढतं.

हे काम लोक टाळतात. त्यात त्यांचा फारसा दोष नाही. पांढऱ्या कार्डावर धान्य मिळत नाही आणि केशरी कार्डवाल्या सगळ्यांनाही ते मिळत नाही, मग वसईच्या तहसील कार्यालयात खेपा कोण घालणार? पण मधल्या काळात या कार्डाचं काम बदललं. 2 जुलै 2012 ला आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली आणि 2017 पासून तिला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव मिळालं. सुरुवातीला ती पिवळ्या आणि केशरी कार्डांपुरती होती. 1 जुलै 2024 पासून पांढरं कार्डही चालू लागलं, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत. म्हणजे ज्या कार्डाला तांदूळ-गव्हाचं कार्ड समजून आपण कपाटाच्या वरच्या कप्प्यात टाकलं होतं, ते आता ऑपरेशनचं कार्ड झालं आहे. त्यावर कोण आहे आणि कोण नाही, हे इस्पितळाच्या टेबलावर वाचलं जातं.

इथे एक साधी गोष्ट नीट उलगडून पाहिली पाहिजे. आपण म्हणतो, 'माझा विमा आहे'. तो सहसा माझा नसतो. तो माझ्या कुठल्या तरी नात्याचा असतो. मी या कार्डावरची सून आहे, त्या गाळ्यातला कामगार आहे, अमक्या विमाधारकाचा मुलगा आहे, म्हणून मला छत्र मिळतं. नातं बदललं की छत्र हलतं. आणि नातं बदलल्याची बातमी विम्याच्या दप्तरात आपोआप जात नाही. ती आपल्यालाच नेऊन द्यावी लागते.

जूचंद्र हे रांगोळीचं गाव आहे. इथले कलाकार फोटो समोर ठेवून रांगोळीने माणसाचा चेहरा असा उतरवतात, की लांबून तो छापलेला वाटतो. पण फोटो ज्या दिवशीचा, चेहराही त्या दिवशीचाच. विम्याच्या यादीचंही तसंच आहे. ती घराचा एका दिवसाचा फोटो असते आणि घर काही फोटोसारखं स्थिर बसत नाही. केंद्राच्या आयुष्मान योजनेने 2018 मध्ये लाभार्थी ठरवताना 2011 च्या सामाजिक-आर्थिक गणनेचा आधार घेतला, म्हणजे आरंभीच सात वर्षांचा जुना फोटो. त्या सात वर्षांत गावोगावी किती पाळणे हलले, किती मुली सासरी गेल्या! पुढे यादीतल्या कुटुंबात सुना आणि मुलं जोडायची सोय करावी लागली.

वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या कारखान्यांच्या गाळ्यांत कामाला जाणाऱ्यांचा विमा दुसऱ्या नात्यावर, नोकरीच्या, उभा आहे. पगारपत्रकात 'ईएसआयसी', म्हणजे कर्मचारी राज्य विमा, म्हणून कापला जाणारा पाऊण टक्का आपण पाहतो, मालकाचा सव्वातीन टक्के वाटा दिसत नाही. दोन्ही मिळून जी चिठ्ठी फुटते ती 1948 च्या कायद्यातून आली. त्या कायद्यात कुटुंब कोणाला म्हणायचं हे लिहिलेलं होतं: नवरा किंवा बायको, लहान मुलं, शिकत असलेला मुलगा एकविसाव्या वर्षापर्यंत, अविवाहित मुलगी, अवलंबून असलेले आईवडील. मुलीचं लग्न झालं की ती इथूनही कमी होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत कामगार स्त्रीच्या अवलंबून असलेल्या आईवडिलांत तिचे सासूसासरेही धरले आहेत. पुरुष कामगाराच्या सासूसासऱ्यांचा तिथे उल्लेख नाही. कायदा लिहिणाऱ्याला घर कसं चालतं हे ठाऊक असावं. सासूसासऱ्यांची औषधं कोण आणतं, हे त्याने पाहिलं असावं.

ईएसआयसीला पगाराची मर्यादा आहे. 1 जानेवारी 2017 पासून ती महिना 21,000 रुपयांवर आहे. ती ओलांडली की कामगार बाहेर. पण कधी बाहेर, यात खरी गंमत आहे. वर्षाचे दोन भाग केलेले आहेत, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. समजा एकाचा पगार 20,500 वरून 21,800 झाला. वाढ एप्रिलपासून लागली तर तो एप्रिलपासूनच बाहेर. तीच वाढ मेपासून लागली तर 30 सप्टेंबरपर्यंत तो आत, कापणीही चालू आणि उपचारही. एका महिन्याच्या फरकाने सहा महिने हलतात. ओव्हरटाइमने आकडा वर गेला तर त्याने कोणी बाहेर पडत नाही. मर्यादा बघताना ओव्हरटाइम धरत नाहीत, 1948 च्या कायद्याखाली वर्गणी कापताना मात्र धरत असत. हे कळलं नाही म्हणून पगारवाढीच्या आनंदात कार्ड टाकून देणारे असतात.

कार्ड का टाकायचं नाही तेही सांगायला हवं. वर्गणी एका सहामाहीची आणि लाभ तिच्यामागून येणाऱ्या सहामाहीचा, अशी ही रचना आहे. एप्रिल ते सप्टेंबरात 78 दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर तिचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो. म्हणजे सप्टेंबरअखेर सुटलेल्या माणसाचं नातं तुटलं तरी जूनपर्यंत त्याची ऊब राहते. मिठागरावरचं काम पाहिलेल्यांना हे वेगळं सांगावं लागू नये. पाणी आज घ्यायचं आणि मीठ कितीतरी दिवसांनी ओढायचं.

मिठागराचंच पुढे न्यायचं तर, पाणी घेण्याचीही वेळ असते. उधाणाची भरती आली की दार काढायचं, पाणी आत आलं की लावायचं. खाडी रोज तिथेच असते, पण दार रोज उघडं ठेवून मीठ पिकत नाही. विमा कंपन्यांची दारंही अशीच उघडझाप करतात आणि यात नुसती लबाडी नाही. वर्षभर कोणालाही कधीही आत येता आलं, तर माणूस आजारी पडल्यावरच येईल, बरा झाला की जाईल, आणि निरोगी माणसांच्या हप्त्यांतून जो साठा व्हायचा तो होणारच नाही. म्हणून दार लावायचं. पण मग कालच ज्याचं लग्न झालं, काल ज्याला मूल झालं, काल ज्याची नोकरी गेली, त्याने काय करायचं? तो दाराबाहेर राहिला ते लबाडीने नाही. त्याच्यासाठी दार पुन्हा थोडा वेळ उघडायचं, ही यामागची तोड.

अमेरिकेत हे नियमांत बांधून ठेवलं आहे. तिकडच्या विम्याच्या सरकारी बाजारात वर्षातून एकदाच नोंदणी होते, पण लग्न, बाळाचा जन्म, नोकरीबरोबर गेलेला विमा अशा घटनेपासून साठ दिवस खास मुभा असते. न्यू जर्सीत मुलीच्या बाळंतपणाला गेलेल्या आईला मुलगी सांगते, 'आधी कंपनीला बाळाचं कळवते, मग पेढ्यांचं बघू', त्यात रुक्षपणा नसतो, तारीख असते. आपल्याकडेही कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत नवी बायको किंवा बाळ मध्येच घालायला बहुधा थोडेच दिवस मिळतात. ते हुकले की पुढच्या नूतनीकरणापर्यंत थांबायचं. बाळाच्या बाबतीत महात्मा फुल्यांच्या नावाची सरकारी योजना थोडी दयाळू आहे. कार्डावर नाव चढलं नसलं तरी जन्माचा दाखला आणि आईबरोबर किंवा वडिलांबरोबरचा फोटो दाखवून उपचार होऊ शकतात. पुन्हा फोटोच!

नोकरी सुटण्याच्या बाबतीत लोक सर्वांत जास्त गाफील असतात. राजीनाम्याच्या दिवशी ग्रॅच्युइटी विचारतात, भविष्यनिर्वाह निधी विचारतात, निरोपाचा फोटो काढतात. ग्रुप पॉलिसी शेवटच्या दिवशी बंद होते हे पहिल्या तापाला कळतं. खरं तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि जुन्या आजारांसाठी जो थांबण्याचा काळ असतो, त्यातला ग्रुपमध्ये काढलेला भाग वजा होतो. हा काळ 1 एप्रिल 2024 पासून जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे, पूर्वी चारपर्यंत असे. मधुमेह असलेल्या पन्नाशीच्या माणसाला ती तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावणं किंवा न लावणं एका अर्जावर ठरतं. तो अर्ज नोकरी सुटण्याआधी करायचा.

ईएसआयसीतून निवृत्त होणाऱ्याला वेगळी सोय आहे. किमान पाच वर्षं विमा असलेल्या नोकरीत काढलेली असतील तर वर्षाला 120 रुपये भरून नवराबायको दोघांनाही उपचार मिळत राहतात. महिन्याला दहा रुपये. एवढ्यात नायगाव स्टेशनपर्यंतची रिक्षाही मिळत नाही. पण हे 120 रुपये कोणी घरी येऊन मागत नाही. निवृत्ताने स्वतः अर्ज करायचा असतो.

बाईच्या बाबतीत हे सगळं आणखी उघडं दिसतं. आधी वडिलांच्या कार्डावर, मग नवऱ्याच्या, तो गेल्यावर मुलाच्या; प्रत्येक वेळी एका यादीत कमी, दुसरीत वाढ. तिला तिच्या एकटीच्या नावाने मोजणारी गोष्ट 29 ऑक्टोबर 2024 ला आली. सत्तर पूर्ण झालेल्या कोणालाही, उत्पन्न न विचारता, आयुष्मान वय वंदना कार्ड. आधारवर वय दिसलं की झालं. कोणाची बायको, कोणाची आई, पिवळं कार्ड की पांढरं, काही विचारत नाहीत. सत्तर वर्षं कोणाच्या तरी ओळीखाली लिहिलं गेलेलं नाव पहिल्यांदा वर येतं. आणि म्हातारा हयात असेल, त्यालाही सत्तरी लागली असेल, तर पाच लाख दोघांत मिळून.