तोफ, गोलंदाज आणि आम्ही

गेल्या हिवाळ्यात आम्ही आमच्या उर्दू शाळेतल्या आठवीच्या मुलांना घेऊन गागोदे बुद्रुकला गेलो होतो. पेण तालुक्यातले हे लहानसे गाव विनोबा भावे यांचे जन्मगाव. 11 सप्टेंबर 1895 रोजी त्यांचा इथे जन्म झाला. जन्मस्थळाच्या अंगणात मुलांना बसवून आम्ही भूदानाविषयी सांगितले, 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या आणि साने गुरुजींनी लिहून घेतलेल्या गीता प्रवचनांविषयी सांगितले. विनोबांनी अरबी शिकून कुरआनचा अभ्यास केला आणि 'कुरआन सार' सिद्ध केले, हे ऐकून मुले नेहमीप्रमाणे चकित झाली. मग आम्ही 1940 सालाकडे वळलो. गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून विनोबांची निवड केली आणि 17 ऑक्टोबरला त्यांनी पवनारला युद्धात मदत करण्याविरुद्ध जाहीर भाषण केले. त्यासाठी ते तुरुंगात गेले.

एवढ्यात मागच्या रांगेतला एक मुलगा उठला. त्याचा चुलतभाऊ आमचाच माजी विद्यार्थी, अग्निवीर म्हणून तोफखान्यात भरती झालेला. त्याने विचारले, "सर, भाईजान तोफेवर आहे. त्याचा गोळा लागून कुणी मेले तर गुनाह कुणाला?"

बाकीची मुले हसली. आम्ही घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, "आधी डबे खाऊन घ्या, मग बोलू." डबे खाऊन झाले, बस आली, आणि ते बोलणे राहूनच गेले. वाचकहो, हा लेख म्हणजे त्या राहून गेलेल्या उत्तराची उशिरा केलेली भरपाई आहे.

प्रथम ही वस्तू समजून घेऊ. 'तोफ' हा शब्द तुर्कीतून आला. 'गोलंदाज' फारसी वळणाचा, गोळा फेकणारा. आमच्या मुलांना तो केवळ क्रिकेटमुळे ठाऊक असतो. 'दारूगोळा' मधली 'दारू' फारसीत औषध आहे आणि आपल्या 'दवादारू' मध्ये ती अजून औषधच राहिली आहे. एकच शब्द जीव वाचवण्याच्या आणि जीव घेण्याच्या कामी यावा, याचे आम्हांला भाषा शिकवताना दर वर्षी नवल वाटते. भारतीय तोफखान्याचे ब्रीदवाक्यही असेच दोन भाषांचे आहे : 'सर्वत्र इज्जत-ओ-इकबाल'. या तोफखान्याचा स्थापना दिवस 28 सप्टेंबर मानला जातो, कारण 1827 साली त्या दिवशी मुंबईच्या फौजेतली एक पहाडी बॅटरी उभी राहिली.

तोफांचा आणि आमच्या मुलखाचा संबंध जुना आहे. जंजिऱ्याच्या बुरुजावरची कलालबांगडी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. विजापूरची मलिक-ए-मैदान 1549 साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, एका रूमी कारागिराने ओतली. तिच्या तोंडाशी सिंहाचा जबडा कोरला आहे आणि त्या जबड्यात हत्ती चिरडला जात आहे. तोफ काय करते हे त्या कारागिराने तोफेवरच लिहून ठेवले होते.

आजच्या तोफेवर असे काही कोरलेले नसते. ट्रकमागे ओढून न्यायची 155 मिलिमीटरची हॉवित्झर ही हिरवट रंगाची, साधी दिसणारी यंत्रणा आहे. तिचे वैशिष्ट्य असे की ती गोळा उंच फेकते. गोळा डोंगरावरून जातो आणि पलीकडच्या उतारावर पडतो. 1986 साली स्वीडनकडून 410 बोफोर्स तोफांचा करार झाला. त्या व्यवहारावरून दिल्लीत सरकार हादरले, पण 1999 च्या कारगिल युद्धात त्याच तोफांनी सैन्याला हात दिला. त्या युद्धात आपल्या तोफखान्याने अडीच लाखांहून अधिक गोळे, बाँब आणि रॉकेटे डागली. आता पुण्याच्या संशोधन संस्थेने रचलेली नवी ओढतोफ येत आहे. मार्च 2025 मध्ये अशा 307 तोफांचा करार झाला. तिचा पल्ला 45 किलोमीटरच्या पुढे जातो. मुलांना कळेल असे सांगायचे तर पेणहून अलिबाग सरळ रेषेत 25 किलोमीटरच्या आसपास. पेणला तोफ लावली तर अलिबाग तिच्या सहज टप्प्यात येते.

आता माणसांकडे पाहू. सुमारे 43 किलोचा गोळा एक जण उचलून देतो. दुसरा दारूचे भरण मोजून ठेवतो. तिसरा गोळ्याच्या टोकाचा फ्यूज लावतो. चौथा आकड्यांप्रमाणे नेम धरतो. टुकडीचा प्रमुख हुकूम देतो आणि कुणी तरी दोरी ओढतो. लक्ष्य यांच्यापैकी कुणालाच दिसत नाही. ते दिसते कित्येक किलोमीटर पुढे डोंगरावर बसलेल्या निरीक्षक अधिकाऱ्याला. तो वायरलेसवर जागा कळवतो, मागे कमांड पोस्टमध्ये वारा, उंची, हवेचा दाब यांचा हिशेब होतो आणि तोफेपर्यंत केवळ आकडे पोचतात. गोळा मिनिटभर हवेत असतो. तो कुठे पडला हे टुकडीला आवाजावरूनही कळत नाही.

म्हणजे पाहणारा मारत नाही आणि मारणारा पाहत नाही. प्रत्येक जण खरेपणाने म्हणू शकतो, "मी फक्त गोळा उचलला," "मी फक्त आकडा लावला." मग त्या मुलाच्या प्रश्नाचे काय?

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे आहेत. पहिले असे की शिपाई हुकमाचा ताबेदार, त्याला कसला गुनाह? दुसरे असे की युद्ध म्हणजे पाप, त्यात भाग घेणारा प्रत्येक जण पापी. पहिल्या उत्तराने माणसाचा अवजार होतो. दुसऱ्याने कारगिलच्या कड्यावर चढणाऱ्या पायदळाला, ज्याच्या डोक्यावरून आपल्याच तोफांचे गोळे जात होते म्हणून तो जिवंत राहिला, आपण तोंड दाखवू शकत नाही. आम्हांला दोन्ही उत्तरे पटत नाहीत.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा विचार झालेला नाही असे नाही. सीरतकार सांगतात की इ.स. 630 मध्ये ताइफच्या वेढ्यात मिंजनीक वापरली गेली. मिंजनीक म्हणजे दुरून दगड फेकणारे यंत्र, त्या काळची हॉवित्झरच. पुढे फुकहांनी यावर बारकाईने चर्चा केली. तटाआड मुले, स्त्रिया, कैदी असतील तर दगड फेकावा का? फेकला आणि निरपराध मेला तर दियत, कफ्फारा लागू होतो का? त्यांच्यात मतभेद झाले, पण 'दिसत नव्हते' एवढ्यावर कुणी विषय संपवला नाही. पहिले खलीफा हजरत अबू बक्र यांनी सैन्य पाठवताना स्त्रिया, मुले आणि वृद्धांना मारू नका, फळझाडे तोडू नका, अशी ताकीद दिल्याचे रिवायतीत येते. आणि सूरह निसामध्ये तर चुकून झालेल्या हत्येलाही कफ्फारा सांगितला आहे. हा हुकूम रणांगणाला कसा लावायचा हे उलेमांचे काम, आम्ही साधे शिक्षक आहोत. आम्ही त्यातून एवढेच शिकतो की नियत साफ होती म्हणून हिशेब मिटत नाही. जीव गेला की कुणाला तरी काही तरी देणे लागते.

अर्जुनाचीही आठवण येते. त्याने रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये नेला, समोरचे चेहरे पाहिले आणि त्याचे हात गळाले. त्याला प्रश्न पडला तो पाहिल्यामुळे. आजच्या गोलंदाजाला रथ मध्ये नेण्याची सोयच नाही. त्याचा प्रश्न आपण, मागे सुरक्षित बसलेल्यांनी, त्याच्या वतीने विचारायला हवा.

ईदला तो अग्निवीर सुट्टीवर आला. नाशिक रोडच्या आर्टिलरी सेंटरमध्ये शिकलेला, रंग रापलेला, शांत झालेला. त्याच्या घरी शिरखुर्मा खाताना आम्ही धीर करून धाकट्याचा प्रश्न त्याच्यापुढे ठेवला. त्याची अम्मी दारात उभी राहून ऐकत होती. तो बराच वेळ वाटी हातात धरून बसला. मग म्हणाला, "सर, आम्हांला काही दिसत नाही. आमच्याजवळ फक्त आकडा असतो. आमचे हवालदारसाहेब एकच सांगतात, आकडा मोठ्याने परत वाच. ऐकला तसा नाही, लिहिला तसा वाच. एक आकडा चुकला तर गोळा कुणाच्या तरी घरात जातो." अम्मी आत निघून गेली. तो हळूच म्हणाला, "मी दोनदा वाचतो, सर. मला तेवढेच करता येते."

'कुणाच्या तरी घरात' म्हणजे काय, हे आपण मे 2025 मध्ये पाहिले. 7 मे रोजी सीमेपलीकडून पूंछ शहरावर तोफांचा मारा झाला आणि डझनभराहून अधिक नागरिक मेले. त्यांत बारा वर्षांची जुळी भावंडे होती. एका मदरशात शिकवणारे मौलवीही होते, म्हणजे आमचेच व्यवसायबंधू. गुरुद्वाऱ्यालाही गोळ्याची झळ लागली. पलीकडचा तोफची बहुधा कलमा पढणारा असेल आणि त्यानेही फक्त आकडा लावला असेल. गोळ्याला दीन नसतो, शाळा-मदरसा कळत नाही. पण त्याहून जास्त दुःख आम्हांला नंतरच्या गोष्टीचे झाले. काही वृत्तवाहिन्यांनी त्या मृत शिक्षकाला दहशतवादी म्हणून दाखवले. पोलिसांना ते खोटे असल्याचे जाहीर करावे लागले. स्टुडिओत बसलेल्यांनी आकडा एकदाही वाचला नव्हता. हवालदाराची शिस्त त्यांच्यात असती तर एका कुटुंबावर दुसरा गोळा पडला नसता.

आता आमच्या समाजाविषयी थोडे स्पष्ट बोलतो. युद्धाचा विषय निघाला की आपण पटकन 1965 च्या परमवीर अब्दुल हमीद यांचे नाव घेतो. ते घ्यावेच, असल उत्तरच्या त्या वीराचा आम्हांला अभिमान आहे. पण अनेकदा आपण ते नाव ढालीसारखे पुढे करतो. आपल्या निष्ठेवर कुणी शंका घेऊ नये म्हणून आधीच दाखला काढून ठेवतो, आणि मग तोफेविषयी, युद्धाविषयी जो प्रश्न कोणत्याही विचारी नागरिकाला पडेल तो गिळून टाकतो. गागोद्याच्या अंगणात आम्ही हेच केले. मुलाने दीनचा आणि माणुसकीचा प्रश्न विचारला. आम्ही आजूबाजूला कोण ऐकत आहे ते पाहिले आणि डबे उघडायला सांगितले. ज्या घरी जन्मलेला माणूस युद्धावर प्रश्न विचारून तुरुंगात गेला, त्या घराच्या अंगणात!

म्हणून आमचे उत्तर असे. जनाजाची नमाज फर्ज-ए-किफाया आहे. काही जणांनी पढली तर सर्वांची जबाबदारी उतरते, कुणीच पढली नाही तर सारी वस्ती गुनाहगार ठरते. युद्धाविषयीचा विचारही असाच सामूहिक फर्ज आहे. तोफेची टुकडी दोरी ओढणाऱ्यापाशी संपत नाही. तोफेची रचना करणारा, ती विकत घेणारा, तिच्यासाठी कर भरणारा, तिच्या आवाजावर दूरदर्शनसमोर टाळ्या वाजवणारा, हे सगळे त्याच टुकडीत आहेत. जबाबदारी वाटल्याने कमी होत नाही, प्रत्येकाला पुरी येते. गोलंदाजाच्या वाट्याची जबाबदारी अशी की आकडा अचूक लावावा, आणि समोर निरपराध आहे असे कळले तर तोंड उघडावे. आपल्या वाट्याची त्याहून मोठी, कारण आपल्याला वेळ आहे, चेहरे पाहण्याची सोय आहे आणि गोळा डागायचा की नाही हे ठरवणारी माणसे आपणच निवडून देतो.

शाळा पुन्हा सुरू झाल्यावर आम्ही त्या मुलाला वर्गात उभे केले आणि त्याचा प्रश्न फळ्यावर लिहायला सांगितला. त्याने उर्दूत लिहिला. या वेळी कुणी हसले नाही. तास संपेपर्यंत मुले वाद घालत राहिली, आणि दोघा-तिघांचे मत आमच्याहून वेगळे पडले. आम्ही ते खोडले नाही.