शनिवारची रात्र कोणाची?



एका तरुणाने आम्हांला एक प्रश्न विचारला आहे. त्याची परवानगी घेऊन आणि नाव-आळी न सांगता तो येथे मांडत आहोत, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

हा तरुण आणि त्याचे दोन मित्र मिळून एक पॉडकास्ट चालवतात. ज्येष्ठांसाठी सांगायचे तर हा आकाशवाणीवरच्या गप्पांसारखा कार्यक्रम. फक्त तो मोबाइलवर हवा तेव्हा ऐकता येतो आणि करायला आकाशवाणीची गरज लागत नाही. विषय खेळांचा. मोबाइलवरचे खेळ, कॉम्प्युटरवरचे खेळ आणि पटावर सोंगट्या मांडून खेळायचेही. शनिवारी रात्री तिघांनी दोन तास बोलायचे, रविवारी मिस्सा आटोपली की ते बोलणे कापूनछाटून नीट करायचे, सोमवारी इंटरनेटवर चढवायचे. ऐकणारे काहीशे. मिळकत शून्य.

हाच तरुण २०१८च्या जुलैमध्ये वसई पाण्याखाली गेली तेव्हापासून गावच्या समितीत आहे. बुजवलेल्या नाल्यांचे अर्ज, महापालिकेतल्या खेपा, निवडणूक आली की मतदारयादीतली नावे तपासणे, शिवाय विन्सेंट डी पॉल सोसायटीतर्फे गरजू कुटुंबांचे कागदपत्र करून देणे, हे सारे तो करतो. समितीची बैठकही शनिवारी रात्रीच असते, कारण मुंबईला नोकरीला जाणारी माणसे त्याच रात्री निवांत भेटतात. त्याचा प्रश्न सरळ होता: "फादर, लोकांच्या घरात पाणी शिरते आणि मी दोन तास सोंगट्यांवर बोलत बसतो. हे बरोबर आहे का?"

आमच्या काही ज्येष्ठांना यात विचार करण्यासारखे काही दिसणार नाही. हरित वसईच्या चळवळीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यामागे माणसे रस्त्यावर उतरली, तेव्हा असले चाळे कोणाला सुचले होते का, असे ते विचारतील. चळवळ झाली हे खरेच आहे. पण त्याच वर्षांत ओटीवर पत्त्यांचे डाव रंगत होते, सणाच्या रात्री हाऊजीचे आकडे पुकारले जात होते आणि फुटबॉलचा अंतिम सामना असला की मोर्चातले पुढारीही मैदानाच्या कडेला सापडत होते. आपण खेळलो तो विरंगुळा आणि मुले खेळतात तो वेळेचा नाश, हा हिशेब जुना आहे.

उलट बाजूचे उत्तरही आम्हांला पटत नाही. वेळ माझा, मी त्याचे काहीही करीन, असे हल्ली सहज म्हटले जाते. ज्याच्या अंगणातले पाणी शेजाऱ्याच्या नाल्यातून वाहते, त्याने असे म्हणणे कठीण आहे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना खेळाविषयी आम्ही जे वाचले, त्याने प्रथम आश्चर्य वाटले होते. संत थॉमस अक्वायनस यांनी मर्यादेत खेळण्या-हसण्याला सद्गुण मानले आहे. अ‍ॅरिस्टॉटलकडून त्यांनी त्या गुणाचे नावही घेतले, युट्रापेलिया. प्रसंग ओळखून थट्टाविनोद करण्याची हातोटी, असा त्याचा अर्थ. खेळाचा अतिरेक हा दोष आहेच; पण मुळीच न हसणारा, इतरांच्या हसण्यावरही विरजण घालणारा माणूस दोषी आहे, असेही ते सांगतात. तेथे संत योहानाची एक जुनी कथा येते. शिष्यांबरोबर खेळताना पाहून कोणी नाक मुरडले, तेव्हा योहानाने धनुष्य घेऊन आलेल्या एका माणसाला बाण मारायला सांगितले. पुन्हा, पुन्हा. मग विचारले, असे सतत करता येईल का? तो म्हणाला, धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच आहे, असे योहानाने सांगितले.

कथा छान आहे आणि आम्ही ती अनेकदा सांगितली आहे. पण या तरुणाला ती पुरत नाही. एक तर या युक्तिवादात खेळ म्हणजे मोबाइलचे चार्जिंग होते. पुन्हा कामाला लागता यावे एवढ्यासाठीच तो चालतो. दुसरे म्हणजे त्याच्या धनुष्याची दोरी शनिवारी रात्री सैल होतच नाही. आम्ही त्याला तास मोजायला सांगितले. बोलणे दोन तास, कापाकापी पाच ते सहा तास, पुढच्या भागासाठी नवा खेळ खेळून पाहणे तीन-चार तास, ऐकणाऱ्यांना उत्तरे देणे वेगळे. आठवड्याला दीड दिवसाची नोकरी झाली, तीही बिनपगारी. एखाद्या सोमवारी भाग आला नाही तर विचारणा होते आणि याला अपराध्यासारखे वाटते.

योहान हाउझिंगा नावाच्या डच इतिहासकाराने १९३८ साली 'होमो लुडेन्स' हा ग्रंथ लिहिला. खेळ माणसाच्या संस्कृतीच्या मुळाशी आहे, असे त्याचे प्रतिपादन आहे. खेळाची ओळख पटवताना तो पहिली गोष्ट सांगतो ती ही, की खेळ स्वेच्छेचा असतो; हुकमाने खेळला की तो खेळ राहत नाही. आमच्या तरुणाची गाठ येथे सुटू लागते. छंद आणि कर्तव्य यांच्यात तो अडकला आहे असे त्याला वाटते. आम्हांला दिसते ते असे, की त्याच्यापाशी दोन कर्तव्ये आहेत आणि छंद एकही उरलेला नाही. खेळ होता, त्याचे वेळापत्रक झाले.

या हाउझिंगाचे चरित्रही येथे सांगण्यासारखे आहे. फेब्रुवारी १९३३मध्ये लेडन विद्यापीठाचा प्रमुख म्हणून त्याने भाषण दिले, ते खेळ आणि गांभीर्य यांच्या सीमेवर. हिटलरच्या हाती सत्ता येऊन जेमतेम आठवडा झाला होता. एप्रिलमध्ये त्याच विद्यापीठात विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. जर्मन गटाच्या नेत्याने ज्यूंविरुद्ध विखारी पुस्तिका लिहिल्याचे कळताच हाउझिंगाने त्याला बोलावून घेतले आणि विद्यापीठातून निघून जायला सांगितले. पुढे जर्मनांनी हॉलंड व्यापला. १९४२ साली, सत्तरीला टेकलेल्या या माणसाला त्यांनी ओलीस म्हणून धरले आणि इतरांसोबत एका लहान सेमिनरीच्या इमारतीत डांबले. तब्येतीमुळे सुटका झाली, पण लेडनला परत जाऊ दिले नाही. फेब्रुवारी १९४५मध्ये, देश मुक्त होण्याआधी तीन महिने, तो वारला. खेळावर आयुष्यभर विचार करणारा माणूस वेळ आली तेव्हा कमी पडला नाही. खेळ कोठे संपतो हे त्याला नेमके ठाऊक होते, म्हणूनही असेल.

आता थोडे समाजकार्याकडे आणि राजकारणाकडे पाहू. त्याला आपण नेहमी वजनदार बाजू समजतो. आयटन हर्श नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाचे २०२० सालचे एक पुस्तक आहे. त्याचे म्हणणे असे, की सुशिक्षित माणसे ज्याला आपला राजकीय सहभाग म्हणतात, तो पुष्कळदा छंदच असतो: बातम्या पाहणे, वाद घालणे, संताप व्यक्त करणे. त्यातून कोणाचे काम होत नाही. अमेरिकेचे राहू द्या. आपल्या धर्मग्रामातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर निवडणुकीच्या दिवसांत पहाटे दोनपर्यंत जे चालते, ते काय असते? पक्षांची बेरीज-वजाबाकी क्रिकेटच्या धावफलकासारखी केली जाते, मग झोप, आणि दुसऱ्या दिवशी प्रभागातली गटारे आहेत तशीच. २०२० साली वसई-विरार महापालिकेची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळात राजकारणावर बोलणारे खूप होते. अर्जाची पोच जपून ठेवणारे बोटांवर मोजण्याइतके. पॉडकास्टचा प्रत्येक भाग नेटाने पुरा करणारा तरुण आम्हांला त्या पहाटे दोनच्या पुढाऱ्यांहून अधिक जबाबदार वाटतो.

म्हणून नावावरून वजन ठरवू नये, असे आम्हांला वाटते. आपण नाही गेलो तर कोण वाट पाहत राहील, आणि आपल्याजागी दुसरा कोणी उभा राहू शकतो का, हे पाहावे. एका विधवा बाईचा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज उत्पन्नाच्या दाखल्यावाचून अडला होता आणि तहसील कचेरीत तिच्यासोबत जायला हाच एक जण होता. एखाद्या खेळावरचा भाग पंधरा दिवस उशिरा आला तर कोणाची चूल विझत नाही. मात्र समितीच्या साऱ्याच बैठका त्या दाखल्यासारख्या नसतात. काही बैठका चहा आणि मागच्या बैठकीची उजळणी यांतच संपतात. तेथे हा नसला तरी चालते. शिवाय प्रत्येक समाजात अशी एक खोड असते, की जो एकदा 'हो' म्हणतो त्याच्याच गळ्यात सारी कामे बांधायची. बारा कामे करणारा मुलगा तेरावे नाकारतो तेव्हा त्याला स्वार्थी म्हणायला सगळे मोकळे.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू दमलेल्या शिष्यांना एकांतात विसावा घ्यायला नेतो. होडी पलीकडे लागते तो लोक आधीच येऊन थांबलेले. त्याला त्यांचा कळवळा येतो आणि विसावा बाजूला राहतो. या प्रसंगाचा शेवटचा भागच आपण बहुधा ऐकवतो. विसाव्याचे बोलावणे त्याने स्वतः दिले होते, ते मात्र विसरून जातो.

तरुणाचा दुसरा प्रश्न याहून अवघड होता. त्यांच्या एका श्रोत्याने कळवले होते, की तुम्हांला एवढी माणसे ऐकतात तर गावाच्या प्रश्नांवर, निवडणुकीवर का बोलत नाही? गप्प राहणे हा भेकडपणा नाही का? तिघा मित्रांची राजकीय मते तीन दिशांना आहेत, हेही येथे सांगायला हवे.

एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईने १९०४ साली एका पटावरच्या खेळाचे पेटंट घेतले. जमिनीची मालकी थोड्यांच्या हाती गेली की भाडे भरून बाकीचे कसे कंगाल होतात, हे लोकांना खेळता खेळता कळावे, हा तिचा हेतू होता. खेळ पसरला, हेतू मागे पडला. १९३५ साली एका कंपनीने तिच्याकडून ५०० डॉलरला हक्क घेतले आणि त्याच सुमारास तिच्या खेळातून निघालेला 'मोनोपॉली' बाजारात आणला. त्यात दुसऱ्यांना कंगाल करणारा जिंकतो. आपल्याकडे मुले सुटीत 'व्यापार' खेळतात तो याच वळणाचा. वाडीच्या वाडी विकली जाताना पाहिलेल्या आपल्या मुलांना मॅगीबाईंचा मूळ खेळ अधिक समजला असता, पण ते असो. सांगायचे हे, की खेळात राजकारण घालून माणसे शहाणी होतीलच असे नाही. आणि ज्या मोजक्या जागी तीन मतांची तीन माणसे आजही एकमेकांशी हसून बोलतात, तेथे प्रचार आणावा असे आम्हांला वाटत नाही.

एक अपवाद मात्र आम्ही स्पष्ट सांगितला. प्रश्न खेळाचाच असेल तेव्हा गप्प बसता येणार नाही. या तिघांना मागे एका पैसे लावून खेळण्याच्या अ‍ॅपची जाहिरात करण्याविषयी विचारणा झाली होती. रक्कम माइक आणि नवा कॉम्प्युटर येईल एवढी होती. त्यांनी नकार दिला, पण आपल्या कार्यक्रमात त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आणली, ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. त्यावरही ते बोलले नाहीत, का तर म्हणे तो राजकारणाचा विषय. आम्हांला हे पटले नाही. कायदा योग्य की अतिरेकी, यावर तिघांची तीन मते असू देत. परंतु या खेळांत पगार घालवून बसलेली घरे आपल्या आसपासही आहेत, आणि त्या घरातला मुलगा आमचे प्रवचन ऐकेल त्यापेक्षा यांचे बोलणे ऐकण्याचा संभव अधिक आहे.

काय ठरले, ते सांगतो. दर सोमवारचा नेम त्यांनी सोडला आहे. जमेल तेव्हा भाग येईल, असे श्रोत्यांना कळवले. काही श्रोते नाराज होऊन गेले. समितीची बैठक महिन्यातून दोनदाच घ्यायची आणि कामे चौघांत वाटायची, याला समितीने मान्यता दिली आहे. दोन नावे आली आहेत, आणखी दोन हवी आहेत. तहसील कचेरीच्या खेपा मंगळवारी असतात.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. तिघांपैकी एक मित्र आखाती देशात कामाला आहे. खोलीत सहा जण, त्यांत मराठी बोलणारा हा एकटाच. त्याला पॉडकास्टचे फारसे पडलेले नव्हते, शनिवारचे ते दोन तास हवे होते. ध्वनिमुद्रण नसले तरी त्या रात्री फोन करायचा, असे आपला तरुण म्हणतो आहे. गेल्या महिन्यातल्या चार शनिवारांपैकी दोनदा ते जमले.