नेलेलं मूल, निघालेलं मूल

मुलांच्या आरोग्याची चर्चा मोबाइलपासून सुरू होते आणि एखाद्या उन्हाळी शिबिराच्या जाहिरातीपाशी संपते. घर आणि मैदान यांच्यामध्ये एक गल्ली असते, हे त्या चर्चेत कुणालाच आठवत नाही.

५ ते १७ वयाच्या मुलांची रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल व्हावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ११ ते १७ वयोगटातल्या दर पाचांपैकी चार मुलांची तेवढी होत नाही, असं तिच्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये मांडलं. चिंता रास्त आहे. पण साठ मिनिटं म्हटल्याबरोबर पालक तासाचा क्लास शोधू लागतात. मोबाइल हिसकावून घेतल्याने मूल धावू लागत नाही आणि वडापावला शिव्या घालून तर नाहीच. या दोन्ही उपायांवर अधिक वेळ घालवायला नको. क्लासचं मात्र तसं नाही. तो वरवर फारच शहाणपणाचा वाटतो.

क्लासवाले म्हणतात, प्रशिक्षणाने शरीर नीट घडतं. कबूल. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चं. शरीर घडवण्याची आपली परंपरा जुनी आणि आदराची आहे. पण तालमीने कधी गल्लीची जागा घेतली नव्हती. आज क्लास ती घेतो. आठवड्यातून तीन दिवस, गाडीतून जायचं, गाडीतून यायचं, बॅटिंगचा नंबर येईपर्यंत रांगेत उभं राहायचं; उरलेले दिवस घरात. फी भरणाऱ्यांचीच मुलं तिथे असतात, आणि दहावीचं वर्ष आलं की तोही सुटतो.

शिवाय क्लास वयाप्रमाणे गट पाडतो. गल्लीतल्या डबा ऐसपैसमध्ये मात्र चार वर्षांचं पोर लिंबूटिंबू म्हणून धावतं. त्याच्यावर राज्य येत नाही, पण त्याला घरीही पाठवत नाहीत. कुणावर राज्य, कोण रडीचा डाव खेळलं, हे मुलंच भांडून ठरवतात. हे कुठलाही प्रशिक्षक शिकवू शकत नाही, कारण तो तिथे असला की ते घडतच नाही.

तरीही क्लास सुरक्षित तर आहे, हा शेवटचा मुद्दा उरतो. संशोधक मायर हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये पाहणी केली. १९७१ मध्ये सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं एकटी शाळेत जात होती. १९९० मध्ये ९ टक्के. या काळात रस्त्यांवर दगावणाऱ्या मुलांची संख्या घटली होती. रस्ते निर्धोक झाल्याचा हा पुरावा नव्हे, मुलंच रस्त्यावरून काढून घेतली गेली, असं हिलमन यांचं म्हणणं होतं. क्लासची सुरक्षितता अगदी याच जातीची आहे. नेदरलँड्समध्ये मात्र त्याच सत्तरच्या दशकात पालक रस्त्यावर उतरले आणि १९७६ मध्ये तिथे वस्तीतल्या विशिष्ट रस्त्यांसाठी कायदा झाला: मुलांनी रस्त्यावर खेळावं, मोटारींनी चालत्या माणसाच्या वेगाने जावं.

आई-बापांची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. बोळातून सुसाट जाणारी दुचाकी मलाही दिसते. माझा आग्रह एवढाच की नेलेलं मूल आणि निघालेलं मूल यांत फरक करा. दोघांचीही साठ मिनिटं भरतील कदाचित. पण नेलेल्या मुलाची हालचाल मोठ्यांच्या सवडीवर चालते. आईला मीटिंग आली की ती बंद. निघालेलं मूल चप्पल सरकवतं, मित्राला खालून हाक मारतं आणि दोघं तिसऱ्याकडे जातात. मुलींच्या बाबतीत हा फरक अधिक बोचतो, कारण मुलगी अकरा-बारा वर्षांची झाली की तिचं आपलं आपण निघणं आधी बंद होतं आणि मग खेळणं.

म्हणून वॉर्डात जॉगिंग ट्रॅक किती झाले हे मला नगरसेवकाने सांगू नये. दहा वर्षांची किती मुलं-मुली संध्याकाळी एकटी मैत्रिणीकडे जाऊन परत येतात, हे सांगावं. सोसायटीने ‘पार्किंगमध्ये बॉल खेळण्यास मनाई’ ही पाटी काढावी, पालिकेने शाळेच्या पटांगणाचं कुलूप पाच वाजता उघडावं आणि तिथवरच्या गल्लीत गाड्यांचा वेग उतरवावा. यातलं तिसरं आधी.