भित्रे कुत्रे आणि आपली घाई

निवाऱ्यातून कुत्रे आणणाऱ्याच्या मनात बहुधा एक हिशेब असतो: आपण खाऊपिऊ घालू, माया करू, ते आपल्याला लळा लावील. मार, उपासमार आणि साखळी एवढेच वाट्याला आलेले कुत्रे हा हिशेब पहिल्याच दिवशी उधळून लावते. ते दिवाणाखाली शिरते, शेपूट पोटाशी घट्ट धरते, पुढ्यातल्या भाकरीकडे पाहतही नाही. मग घरचे त्याला ओढून बाहेर काढतात, नाहीतर चार दिवसांत परत नेऊन देतात. त्याला माया कमी पडली म्हणून ते भित्रे झाले, हा समज दोन्हींच्या मुळाशी आहे. मला तो चुकीचा वाटतो. त्याला कमी पडले ते स्वतःच्या मर्जीने काही करता येणे.

मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांचे कुत्र्यांवरचे 1967चे प्रयोग आज वाचवत नाहीत. विजेचे झटके टाळण्याचा काहीच उपाय नसलेली अनेक कुत्री पुढे वाट मोकळी असतानाही जागची हलली नाहीत. ती हतबलता ‘शिकली’, असे तेव्हा ठरले. 2016 मध्ये याच दोघांनी मेंदूवरच्या नव्या संशोधनावरून ते मत फिरवले: सततच्या त्रासात गळून जाणे उपजतच असते, शिकावी लागते ती ‘माझ्या करण्याने काही बदलते’ ही जाणीव. हे मान्य केले तर कुत्रे घरात आणण्याची रीतच पालटते. कोपरा त्याचा, तिथे कुणी हात घालायचा नाही. वाटी ठेवून आपण लांब, तिरके बसायचे, नजर रोखायची नाही. ते आपणहून जवळ आले तर हात हनुवटीखाली न्यायचा, डोक्यावरून नाही; आणि ते मागे सरकले की हातही मागे. आपल्या ‘नको’ला या घरात किंमत आहे, हे त्याला तिथेच कळते.

अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर बाजार तालुक्याकडे हे बोललो तर पहिला प्रश्न येणार, भित्रे कुत्रे कामाचे काय? संत्र्याच्या बागेत राखणीला भुंकणारे हवे. प्रश्न रास्त आहे. राखणच हवी असेल तर असे कुत्रे आणूच नये. पण ज्या तालुक्यात बहिरमची, म्हणजे भैरवाची, जत्रा भरते, तिथे कुत्रे भैरवाचे वाहन आहे, निव्वळ राखणदार नाही, हे सांगावे लागू नये! दुसरा आक्षेप, माणसांचीच लेकरे उघड्यावर असताना कुत्र्यांचे कौतुक कशाला? शेजारच्या अचलपूर तालुक्यात वझ्झरला टाकून दिलेली दिव्यांग मुले शंकरबाबा पापळकरांनी वाढवली. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हा आक्षेप घेणारे किती जण तिथे मदतीला जातात, हेही विचारायला हवे.

खरा आक्षेप तिसरा: भ्यालेले कुत्रे चावते. चावतेच, आणि बहुधा कोंडीत धरल्यावर. म्हणून रेबीजची लस आधी, लहान मुले लांब. दात लागला तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुऊन लगेच दवाखाना. शिवाय 2019च्या पशुगणनेत देशात सुमारे 1.53 कोटी भटकी कुत्री होती. एवढी काही घरोघर दत्तक जाणार नाहीत. त्यावर उपाय नसबंदी आणि लसीकरणाचाच, प्राण्यांच्या जन्मनियंत्रणाचे 2023चे नियमही तेच सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025च्या आदेशात दत्तक घेण्याला वाट ठेवली, पण घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येऊ न देण्याची जबाबदारी घेणाऱ्यावरच टाकली. तेव्हा सहा महिने जवळ न येणारे कुत्रे ज्याला घरात चालणार नाही, त्याने ते आणू नये. त्या कुत्र्यावर खर्चायचे पैसे गावातल्या दोन कुत्र्यांच्या नसबंदीला द्यावेत.