सोसणं म्हणजे सांभाळणं नव्हे

ऑटिझमविषयी आपल्याकडे जे बोललं जातं, ते बहुतेक लहान मुलांविषयी असतं. लवकर निदान, लवकर थेरपी, शाळेत प्रवेश. जनजागृतीच्या पोस्टरवरही सहा-सात वर्षांचं गोंडस मूल असतं. तेच मूल पंचविशीचं, ऐंशी किलोंचं होतं आणि कधीतरी आईच्या अंगावर धावून जातं, हे पोस्टरवर येत नाही. पालकही ते दबक्या आवाजातच सांगतात. लोकांच्या मनात आधीच गैरसमज आहेत, त्यात आपण भर कशाला घालायची, असं त्यांना वाटतं. ही काळजी खोटी नाही, कारण अनेक स्वमग्न माणसांनी आयुष्यात कोणावर हात उगारलेला नसतो. पण ज्या घरात हे घडतं, त्या घराला या मौनाची किंमत रोज मोजावी लागते.

माझ्या परिचयाच्या एका घरातली आई भर मे महिन्यातही लांब बाह्यांचा कुर्ता घालते, कारण दंडावर ओरखडे असतात. वेणी हातात सापडते म्हणून तिने केस बारीक कापून घेतलेत. बाथरूमची आतली कडी मुद्दाम मजबूत करून घेतली आहे; वेळ आली की धाकट्या मुलीने तिथे जाऊन बसायचं, असं ठरलेलं आहे. मुलगा बोलत नाही. मध्यंतरी तो स्वतःच्या उजव्या गालावर ठोसे मारून घ्यायला लागला. अडवायला गेलं की चावायचा. कोणी दृष्ट काढायला सांगितली, कोणी लग्नाचा उपाय सुचवला, एका डॉक्टरांनी गोळी वाढवली. अखेर भूल देऊन दात तपासले, तेव्हा अक्कलदाढेशी पू सापडला. दाढ काढली आणि ठोसे थांबले. अंगावर येणं कमी झालं, पण पूर्ण थांबलं नाही.

दाढेची गोष्ट ऐकणाऱ्याला आवडते, कारण तिला उत्तर आहे. ‘पूर्ण थांबलं नाही’ हा भाग मात्र कोणालाच नको असतो. प्रत्येक वर्तन म्हणजे संवाद, असं कार्यशाळांमधून हमखास सांगितलं जातं. त्यामुळे मुलाला ‘वाईट’ ठरवणं कमी झालं, हे चांगलंच. पण मूल काही सांगतं आहे आणि पालक पुरेसे जागरूक असतील तर त्यांना ते कळेलच, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. मग न कळणं हा पालकांच्या नावावरचा नापासाचा शेरा होतो. प्रत्यक्षात पुष्कळदा मूल कोणाला काही सांगतच नसतं. मिक्सर, कुकरची शिट्टी, गल्लीतला डीजे, बंद पडलेली लिफ्ट, रात्रीची अपुरी झोप असा भार एकावर एक चढत जातो आणि एका क्षणी पेलवेनासा होतो. कधी बद्धकोष्ठाचा त्रास असतो, कधी वयात येताना सुरू झालेल्या फिट्स. म्हणून वागणं अचानक बदललं की आधी दात, कान, पोट, झोप तपासायची. स्वभावाला बोल लावण्याची घाई करायची नाही.

कारण शोधायला एक वही पुरते. आधी काय झालं, त्याने काय केलं, त्यातून त्याला काय मिळालं किंवा काय टळलं, असे तीन रकाने. आंघोळीची घाई केली की भडका उडतो, हे आठवणीपेक्षा वहीत लवकर दिसतं. ऐन वेळी मात्र बोलणं कमी करायचं, अंतर ठेवायचं, दाराची वाट मोकळी ठेवायची, बाकीच्यांना खोलीबाहेर काढायचं. ‘असं करतात का?’ हा प्रश्न त्या क्षणी त्याच्यासाठी आणखी एक आवाज असतो. पालथं पाडून पाठीवर भार देणं तर जिवावर बेतू शकतं.

औषधांचं काय? रिस्पेरिडोनला २००६ साली आणि अरिपिप्राझोलला २००९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑटिझममधल्या चिडचिडीसाठी मान्यता दिली, पण ती मुलांसाठी आणि किशोरांसाठी. प्रौढांनाही डॉक्टर ती देतात आणि काही घरांना त्यांनी खरोखर श्वास घ्यायला उसंत दिली आहे. पण वजन वाढतं, सुस्ती येते. काहींना अशी अस्वस्थता येते की एका जागी बसवत नाही, आणि तीच आक्रमकता समजून डोस आणखी वाढवला जाण्याचा धोका असतो. गोळी सुरू करताना ती कशासाठी आणि कधी कमी करायची, हेही ठरायला हवं.

आईला दोष देण्याची सवय जुनी आहे. मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ऑटिझमचं वर्णन केलं. त्यानंतर बराच काळ दोष आईच्या थंडपणाला दिला गेला. ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ सालच्या पुस्तकातही तोच सूर होता. तो सिद्धान्त मोडीत निघाला. त्याची उलटी बाजू मात्र आपल्याकडे जोमात आहे. देवाने असं मूल खास आईच्याच पदरात घातलं, असं म्हटलं की तिने मदत मागायची सोयच उरत नाही. वास्तविक ‘मला माझ्या मुलाची भीती वाटते’ असं म्हणणारी आई त्याच्यावर कमी प्रेम करत नसते. थकलेलं माणूस नको त्या क्षणी ओरडतं, हात उचलतं, खोलीला बाहेरून कडी लावतं. आईच्या सोसण्याची झळ अशी शेवटी मुलालाच लागते. आपली सुरक्षितता मागणं हा त्याला सांभाळण्याचाच भाग आहे. चांगल्या निवासी संस्थेचा विचार करणंही त्यातच आलं.

कायद्यात ही माणसं आहेत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझम आहे, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांतही आहे. ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, प्रौढांच्या निवासासाठी ‘घरौंदा’ योजना आहे. पण ‘अंगावर येतो’ एवढं ऐकलं की संस्थांची दारं एकेक करून बंद होऊ लागतात. ज्याची गरज सर्वांत मोठी, तोच अपात्र ठरतो. रात्री दोन वाजता साठीच्या बापाने फोन कोणाला करायचा? पोलिसांना केला तर मुलगा गुन्हेगारासारखा हाताळला जाईल, ही धास्ती असते.

१८ वर्षांनंतरच्या कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. म्हणजे अशी घरं कुठे आहेत, हे शासनाला निदान काही प्रमाणात ठाऊक आहे. त्याच समितीने भूल देऊन दात तपासणारी रुग्णालयं, प्रौढांना पाहणारे मानसोपचारतज्ज्ञ आणि प्रशिक्षित मदतनीस यांची यादी ठेवावी, अडचणीच्या वेळी फोन उचलणारा एक माणूस नेमावा आणि आक्रमकतेचं कारण देऊन प्रवेश नाकारणाऱ्या अनुदानित संस्थेकडून लेखी खुलासा घ्यावा. पालकांनीही ओरखडे झाकणं थांबवून हे सगळं लेखी मागायला हवं, कारण ज्याची कुठे नोंदच नाही, त्यासाठी तरतूद होत नाही.